बोटामागून येणारी रेघ

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या संगणक-कक्षात एका विद्यार्थिनीस मी पडद्यावर बोटाने ‘ळ’ गिरवावयास सांगितले. बोट वळले, पण रेघ मागाहून रेंगाळत आली. तिने पुसले, पुन्हा काढले आणि अखेर खाली मान घालून म्हणाली, “सर, माझाच हात चुकतो.” मीही तिला ‘सावकाश काढ’ एवढेच सांगितले! दोष हाताचा नव्हता, हे मला पुढे अभ्यासाअंती उमगले.

विद्यार्थी मित्रहो, स्पर्श आणि रेघ यांच्या दरम्यान बरेच काही घडत असते. यंत्र प्रथम स्पर्श टिपते, मग रेघ कोठे काढावयाची ते ठरविते आणि ती आपल्या स्मृतीतील एका अदृश्य पाटीवर काढते. सामान्य पडदा सेकंदास 60 वेळा, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी, चित्र बदलतो. पाटी मध्येच बदलली तर वरचा भाग जुना व खालचा नवा असे फाटके चित्र दिसेल; म्हणून तयार पाटीलाही आपल्या पाळीची वाट पाहावी लागते.

सेकंदास चित्रे अधिक म्हणजे विलंब कमी, असा आपला सहज समज होतो. पण कॅसलरॉकच्या फलाटावर उभे राहून मुरगावहून घाट चढून येणारी मालगाडी पाहा. डब्यामागून डबा भराभर डोळ्यांपुढून सरकतो. परंतु प्रत्येक डब्याने बंदर सोडल्यास बराच काळ लोटलेला असतो. पडद्याचेही असेच आहे. दृश्यात खंड पडू नये म्हणून यंत्र काही चित्रे आधीच काढून रांगेत ठेवते. दृश्य अखंड दिसते खरे, पण शिळे! तीन चित्रांची रांग म्हणजे 50 मिलिसेकंदांचा उशीर.

हात सेकंदास 50 सेंटिमीटर सरकत असेल, तर 100 मिलिसेकंदांच्या विलंबाने रेघ 5 सेंटिमीटर मागे राहील. 10 मिलिसेकंदांत ते अंतर अवघे 5 मिलिमीटर उरेल. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2012 साली हा फरक प्रयोगाने दाखविला होता. 1 मिलिसेकंदाला रेघ जणू बोटालाच चिकटून चालते.

उपाय असे : रांग आखूड करावी, स्पर्शाची नोंद चित्र काढण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी घ्यावी, पडदा सेकंदास 120 वेळा बदलणारा असावा, म्हणजे पाळीची वाट 8.3 मिलिसेकंदांवर येते. काही यंत्रे बोट पुढे कोठे जाईल याचा अंदाज बांधून रेघ आधीच काढतात. सरळ रेघेस हे ठीक. ‘ळ’च्या वळणावर मात्र अंदाज फसण्याचा संभव फार.

विलंब घरीही मोजता येतो. भ्रमणध्वनीच्या मंदगती चित्रणात, सेकंदास 240 चित्रे या वेगाने, बोट व रेघ टिपा. बोट एका खुणेवर पोहोचल्यापासून रेघ तेथे येईपर्यंतची चित्रे मोजा. प्रत्येक चित्र सुमारे 4.2 मिलिसेकंदांचे. आमच्या पडद्यावर अशी 24 चित्रे भरली, म्हणजे विलंब 100 मिलिसेकंद. ही मोजणी त्याच विद्यार्थिनीने केली, आणि खात्रीसाठी दोनदा केली.