नावामागील चरित्र

भिवंडी रोड स्थानकातून एक आगगाडी वसईकडे जाते. त्या वसईत संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. जवळच गास गावी त्याच नावाचे चर्चही आहे. हे नाव नित्य अनेकांच्या मुखी येते. परंतु ते कोणाचे, हे थोड्यांसच ठाऊक असते.

गोन्सालो यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई येथे झाला. तेव्हा तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. वडील पोर्तुगीज, आई याच भूमीतील. तरुणपणी ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले व तेथील भाषेत पारंगत झाले. पुढे त्यांनी व्यापारही केला. पण मन त्यात रमेना. अखेर मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा घेतली. १५९३ मध्ये तेथून जपानला शिष्टमंडळ निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांचीच निवड झाली.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने प्रथम त्यांना आश्रय दिला. पण पुढे संशयाने त्याचे मन फिरले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर चढवून ठार करण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. १९६२ मध्ये नागासाकी येथे या सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले.

फलकावर नाव कोरले म्हणजे स्मृती राहतेच, असे नाही. त्या नावामागील चरित्र जाणणारे कोणी हवे. मुलांनो, तुमच्या शाळेस किंवा रस्त्यास कोणाचे नाव आहे? ते का दिले असेल, हे वडीलधाऱ्यांस अवश्य विचारा.