हॉटेलचा धंदा : गल्ल्याइतकेच लक्ष भटारखान्यावर हवे

कापडाच्या दुकानात दोन पैसे शिल्लक पडले की आपल्यापैकी अनेक व्यापाऱ्यांना हॉटेल काढावेसे वाटते. धंदा रोखीचा आहे, गिऱ्हाईक रोजचे आहे, हे खरे. परंतु कापड आणि अन्न यांत मोठा फरक आहे. आमचे न विकलेले ठाण पुढच्या हंगामात कमी भावाने का होईना, निघते. रात्री उरलेली बिर्याणी मात्र सकाळी फेकावीच लागते. म्हणून या धंद्यात नफा विक्रीपेक्षा मापावर ठरतो.

समजा, एका देगेतून ५० प्लेट निघायला हव्यात आणि ४४ च निघाल्या. प्लेट १५० रुपयांची धरली तर रोज ९०० रुपयांची विक्री बुडाली. २६ दिवसांचे २३,४०० रुपये होतात. एवढ्यात एका कारागिराचा पगार निघेल! तेव्हा तांदूळ-गोश्त तोलून द्यावे, वाढायला ठरलेला एकच डाव ठेवावा, आणि देग संपताच प्लेटांची नोंद करावी.

कराचाही हिशेब वेगळा आहे. कापडात खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्याला वजा मिळतो. साध्या रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के कर आहे, पण खरेदीवरची वजावट नाही. गॅस, डबे, भांडी यांवरचा कर खर्चातच धरून भाव ठरवावा.

आता माणसांविषयी. सारे हॉटेल एकाच उस्तादावर सोपवू नये. तो गावी गेला की चव गेली आणि चवीमागे गिऱ्हाईक गेले. प्रत्येक पदार्थाचे माप वहीत लिहून घ्यावे व उस्तादाच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करावा. मात्र शिकवण्याबद्दल उस्तादाला वेगळे पैसे द्यावेत. आपल्या पोटावर पाय येईल अशी भीती असली तर कोणी हुन्नर शिकवणार नाही.

पगार ठरल्या तारखेला द्यावा. माणूस पळून जाऊ नये म्हणून पगार अडकवून ठेवणारे मालक आम्ही पाहतो. अशा ठिकाणची माणसे ऐन रमजानच्या गर्दीत निघून जातात. आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाचे दुप्पट वेतन ही मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातच ती तरतूद आहे. १४ वर्षांखालील मुलाला हॉटेलात ठेवण्यास तर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते.

आणि मालकाने रोज एक वेळचे जेवण नोकरांसोबत, त्यांच्याच ताटातले घ्यावे. भटारखान्यात काय चालले आहे, ते गल्ल्यावर बसून कळत नाही.