जुन्या ट्रॅक्टरचे टॅपेट : गप्प झाले म्हणजे बरे झाले नव्हे

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. पुढे तीन आठवड्यांत मृग. जैनथ-बेल्याकडील काळ्या रानात वाफसा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत घरचा ट्रॅक्टर उठला नाही, तर भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते. म्हणून वडिलांच्या वेळचा बी-२७५ किंवा मॅसी जे पुन्हा उभा करीत आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

टॅपेट वाजतो म्हणून पुष्कळजण स्क्रू आवळून आवाज बंद करतात. हे फार घातक आहे. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट नसेल तर तो सीटवर पुरता बसत नाही. धुराचा व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकल्यावरच बाहेर टाकतो. टेकला नाही की कडेने जळतो. मग कम्प्रेशन जाते आणि सकाळी इंजिन उठत नाही. फट जास्त असली तर खटखट होते, ताकद थोडी कमी पडते, भागही झिजतात. पण निदान कानाला कळते. (रडणाऱ्या लेकरापेक्षा गप्प पडलेल्याची आईला अधिक काळजी वाटते, तसेच हे.)

जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खाली बसतो व फट आपोआप कमी होते. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावरही तेच होते. म्हणून हेडचे काम केले की टॅपेट नव्याने लावावेच.

फटीचे माप त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावे. उदाहरणार्थ, मॅसी ३५ च्या तीन सिलिंडरी पर्किन्स इंजिनाला थंड असताना १२ थाऊ, म्हणजे ०.३० मिलिमीटर, आणि गरम असताना १० थाऊ लागतात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे माप आपल्याला चालेलच असे नाही.

आधी बॅटरीची तार काढावी आणि डिझेल बंद करावे. इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवावे. एका सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि हवेचा उघडू लागतो, त्या क्षणी थांबावे. तेथून पूर्ण एक फेरा दिला की त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले मिळतात; तेव्हा त्यांची फट मोजावी. चार सिलिंडरच्या बी-२७५ ला फेरा देण्याचीही गरज नाही. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह असे हलत असताना पहिल्याचे लावावेत, पहिल्याचे हलताना चौथ्याचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी तशीच.

फिलर गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. पेचकसाने स्क्रू धरून लॉकनट आवळावा आणि पुन्हा मोजावे, कारण आवळताना माप हटते. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर पट्टी खळग्यावरून जाते आणि खरी फट मापापेक्षा मोठी राहते. असा रॉकर आधी दुरुस्त करून घ्यावा.

इंजिन तपासायला चालू कराल ते उघड्यावर. बंद गोठ्यात साचणारा कार्बन मोनॉक्साईड वासावरून कळत नाही आणि माणसाचा जीव घेतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. जुने ऑइल लागलेले हात साबणाने धुवावेत, डिझेलने नव्हे.

हेडचे पॅकिंग नवे घातले असेल तर काही तास काम झाल्यावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हेडचे नट पुन्हा आवळावेत आणि सगळे टॅपेट परत मोजावेत.