डोळा फिरविणारे स्नायू : सरासरी आणि प्रत्यक्ष

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीस इतका वेळ का लागतो, असा प्रश्न हितचिंतक विचारतात. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेतलेले उत्तर येथे सादर करीत आहोत.

प्रत्येक नेत्रगोलकास सहा स्नायू फिरवितात. चार सरळ आणि दोन तिरकस. वरचा तिरकस स्नायू तर विहिरीच्या कप्पीवरून दोर जावा तसा, नाकाच्या बाजूच्या कूर्चेच्या कडीतून वळून डोळ्यास जोडलेला असतो. सरळ स्नायूंपैकी नाकाकडील स्नायू बुबुळाच्या कडेपासून सरासरी ५.५ मिलिमीटरवर, तर वरचा ७.७ मिलिमीटरवर चिकटलेला असतो.

परंतु सरासरी म्हणजे प्रत्येक खात्यातील शिल्लक नव्हे. व्यक्तीपरत्वे हे अंतर कमी-अधिक होते. क्वचित एखादा जादा स्नायुपट्टा आढळतो. कवटीचे सांधे अकाली जुळलेल्या काही बालकांत वरचा तिरकस स्नायू मुळातच नसतो. कधी स्नायू असतो, पण त्याचा मज्जातंतू जन्मतः तयार झालेला नसतो. शस्त्रक्रियेत एका मिलिमीटरचा फरकही डोळ्याची दिशा बदलतो. म्हणून शल्यचिकित्सक आधी मोजतात, मगच कापतात. त्या वेळेस आम्ही अपव्यय मानीत नाही.

हे ज्ञान शवविच्छेदनातून आले. १९४७ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत विद्यार्थी ते शिकतात. पुस्तकातील चित्र एकच असते, देह मात्र प्रत्येक निराळा, हा धडा देहदात्यांमुळेच मिळतो. त्यांच्या कुटुंबीयांचे ऋण आम्ही कृतज्ञतेने नोंदवितो.

पालकांना एक विनंती. तिरळे मूल भाग्याचे, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. तीन-चार महिन्यांच्या वयानंतरही बाळाचे डोळे एका रेषेत नसतील, अथवा मूल सतत मान कलती ठेवून पाहत असेल, तर ती सवय समजून स्वस्थ बसू नये. मान कलती ठेवण्यामागे पुष्कळदा तिरकस स्नायूचा दुबळेपणा असतो. वळलेल्या डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू हळूहळू नाकारू लागतो आणि तो डोळा मंद होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास दृष्टी सुधारण्याची आशा सर्वाधिक असते. पुढे डोळा सरळ करता येतो. गेलेली दृष्टी परत आणणे मात्र दुरापास्त होते.