समांतर आणि वितरित संगणन : मावळातल्या विद्यार्थ्यांसाठी

एकच मोठे काम अनेक प्रोसेसरांनी वाटून घेऊन एकाच वेळी करणे म्हणजे समांतर संगणन. काम नेटवर्कने जोडलेल्या वेगवेगळ्या यंत्रांत विभागलेले असेल आणि त्यातले एखादे यंत्र मध्येच बंद पडले तरी काम चालू राहायला हवे असेल, तर ते वितरित संगणन. हवामानाचा अंदाज किंवा मोटारीच्या टकरीची संगणकावरची चाचणी पहिल्या प्रकारात मोडते. यूपीआयचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण आणि क्लाउड दुसऱ्या प्रकारात. एआयची मोठी मॉडेल तयार करताना दोन्हींची गरज पडते.

मावळातले सर्वांत जवळचे उदाहरण लोणावळ्याच्या पावसाचे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावात त्याच्या निम्माही पडत नाही. एवढ्या थोड्या अंतरातला फरक संगणकाला दिसायचा, तर वातावरणाचे मनाने पाडलेले चौकोन लहान हवेत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये वापरात आली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. आधीच्या मॉडेलचा बारा किलोमीटरचा होता. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात, आणि आकडेमोड साधारण आठपट वाढते. ती वेळेत उरकायला ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक तिथे आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. प्रत्येक प्रोसेसरकडे नकाशाचा एक तुकडा असतो. पण पुढचा टप्पा मोजण्याआधी शेजारच्या तुकड्यातला वारा, दाब आणि तापमान त्याला कळावे लागते. शेजाऱ्याची वाट पाहण्यात जाणारा हा वेळ कमी कसा करायचा, हा या विषयाचा खरा गाभा.

पुण्यात हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांमुळे क्रे कंपनीचे महासंगणक मिळणे अवघड झाले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप एकत्र जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. पुढे २००७ मध्ये पुण्यातलाच ‘एका’ जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ मालिकेतला महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला.

विद्यापीठात मात्र बारावीनंतर लगेच या नावाची शाखा शोधू नये. पदवीला हा विषय बहुधा एखाद-दुसऱ्या पेपरच्या रूपानेच भेटतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या आठव्या सत्रात ‘हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग’ होते, आणि आयटी शाखेला ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’. शेवटच्या वर्षी येणारा हा पेपर समजतो तो ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, अल्गोरिदम आणि सी भाषा आधीच्या वर्षांत पक्की झाली असेल तरच. माहितीपत्रकावरच्या आकर्षक नावाच्या शाखेसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा हा पाया कुठे नीट घातला जातो, ते पाहणे कितीतरी शहाणपणाचे.

प्रयोगशाळेत विद्यार्थी नेमके काय करतो, हे एका साध्या प्रयोगावरून दिसते. चार थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांनी, मिळून एक मोजणी दहा लाखांपर्यंत न्यायची असते. समांतर प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या ओपनएमपीची एक ओळ लिहिली की लूप चौघांत वाटला जातो, पण उत्तर दहा लाखांपेक्षा कमी येते आणि दर वेळी वेगळे येते. दोन थ्रेडनी एकाच क्षणी ४१ हा आकडा वाचला, दोघांनीही त्यात एक मिळवून ४२ लिहिला, आणि एक मोजणी हरवली. प्रत्येक थ्रेडला स्वतःची वेगळी मोजणी द्यायची आणि शेवटी चारही बेरजा एकत्र करायच्या, हा त्यावरचा उपाय. ज्या विद्यार्थ्याला हे चुकलेले उत्तर पाहून ‘असे का झाले?’ हे शोधावेसे वाटते, त्याचा कल या विषयाकडे आहे असे खुशाल समजावे. बारावीच्या टक्क्यांवरून तो कळत नाही.

दुसरा धडा जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचा. शंभर मिनिटांच्या कामातली दहा मिनिटे वाटून घेता येण्यासारखी नसतील, तर उरलेली नव्वद मिनिटे नऊ प्रोसेसरांना वाटून काम वीस मिनिटांत होते. पण हजारो प्रोसेसर लावले तरी ते दहा मिनिटांच्या खाली येत नाही. वितरित संगणनात याच्या जोडीला घड्याळे जुळवणे, बंद पडलेल्या यंत्राच्या जागी नवा प्रमुख निवडणे असे प्रश्न येतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७८ च्या निबंधापासून हे सारे शिकवले जाते.

मावळात पर्याय आहेत. कुसगावला सिंहगड इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तळेगावला नूतन महाराष्ट्र अभियांत्रिकी, साते येथे पिंपरी चिंचवड विद्यापीठ. कॉलेज बघायला गेलेल्या पालकांनी इमारतीपेक्षा लॅबची चौकशी करावी. समांतर आकडेमोड करणाऱ्या जीपीयू चिप असलेली यंत्रे आहेत का, ती मुलांना तासांव्यतिरिक्त वापरायला मिळतात का, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प मुले स्वतः करतात की विकत आणतात, हे थेट विचारावे. त्यात भिडस्तपणा नको. सरावासाठी महासंगणकच लागतो असेही नाही. चार कोअरचा साधा लॅपटॉप आणि लिनक्स एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघतात, आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ऑनलाइन विनामूल्य पाहता येतात.

फीचा हिशेब आधीच मांडावा. प्रवेश एमएचटी-सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांतून होतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच हवा, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे या सवलतीतून वगळलेली आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने प्रवेश घेतलेल्या घरांना हे उशिरा कळते.

पदवीनंतर या विषयात खोलवर जाण्याचे मार्ग अनेक आहेत. गेट ही परीक्षा देऊन आयआयटी किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत एम.टेक. करता येते आणि त्या काळात दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. सी-डॅकच्या सी-कॅट परीक्षेतून महासंगणकाच्या व्यवस्थापनाचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. गणित किंवा भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्यांसाठीही दार उघडे आहे. पुणे विद्यापीठात सायंटिफिक कॉम्प्युटिंगचा स्वतंत्र विभाग आहे, आणि हवामानाची मॉडेल लिहिणाऱ्या चमूंत भौतिकशास्त्र शिकलेली माणसे लागतातच. मेकॅनिकलच्या मुलांनाही हे कौशल्य उपयोगी पडते, कारण चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या वाहन उद्योगात हवेच्या प्रवाहाची आणि टकरीची गणिते समांतर संगणकांवरच सोडवली जातात. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; त्यांनी मात्र पहिल्याच सुट्टीत गणित आणि सी भाषा पक्की करून घ्यावी.