राजपुत्राला लग्नात मिळणारे नाव



ब्रिटनच्या राजघराण्यातील एकाच माणसाचा उल्लेख वर्तमानपत्रांत कधी 'प्रिन्स विल्यम', कधी 'ड्यूक ऑफ केंब्रिज', तर कधी 'प्रिन्स ऑफ वेल्स' असा झालेला तुम्ही वाचला असेल. वाचणारा साहजिकच गोंधळतो. यांपैकी कोणते नाव जन्माने आले, कोणते लग्नात आणि कोणते त्यानंतर, हे एकदा समजून घेतले की हा गोंधळ बराचसा दूर होतो.

जन्माने राजपुत्र, सनदेने ड्यूक

राजे पंचम जॉर्ज यांनी १९१७ साली एक नियम घालून दिला. त्यानुसार राजाची मुले आणि राजाच्या मुलग्यांची मुले 'प्रिन्स' किंवा 'प्रिन्सेस' ठरतात. त्यासाठी वेगळा समारंभ लागत नाही.

उमरावपदाचे तसे नाही. ते राजा किंवा राणी सनद देऊन निर्माण करते. उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली त्या अशा : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. गंमत अशी, की ज्याला उमरावपद मिळालेले नाही असा राजपुत्र जुन्या कायदेशीर समजुतीप्रमाणे सामान्य प्रजाजनांतच मोडतो!

एका सनदेत तीन नावे

२९ एप्रिल २०११ रोजी विल्यम यांचे लग्न झाले. त्या दिवशी त्यांची आजी, राणी दुसरी एलिझाबेथ, हिने त्यांना ड्यूक ऑफ केंब्रिज, अर्ल ऑफ स्ट्रॅथर्न आणि बॅरन कॅरिकफर्गस अशी तीन पदे दिली. १९ मे २०१८ रोजी धाकटे बंधू हॅरी यांच्या लग्नात ड्यूक ऑफ ससेक्स, अर्ल ऑफ डंबार्टन आणि बॅरन किलकील ही पदे दिली गेली.

आता नकाशा उघडून पाहा. केंब्रिज व ससेक्स इंग्लंडमध्ये, स्ट्रॅथर्न व डंबार्टन स्कॉटलंडमध्ये, तर कॅरिकफर्गस व किलकील उत्तर आयर्लंडमध्ये सापडतील. राज्याच्या निरनिराळ्या भागांना मान मिळावा अशी ही योजना आहे. मात्र ससेक्सच्या ड्यूकला ससेक्सचा कारभार पाहायचा नसतो, की तिथला महसूलही मिळत नाही. याला मोठा अपवाद कॉर्नवॉलचा. १३३७ साली निर्माण झालेली ही जहागीर आजही उत्पन्न देते, आणि गादीचा वारस असलेल्या राजाच्या थोरल्या मुलाकडे ती आपोआप जाते.

लग्नातच का?

पूर्वी पदवी आणि लग्न यांची अशी सांगड नव्हती. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आर्थर १८७४ साली ड्यूक ऑफ कॉनॉट झाला आणि त्याचे लग्न १८७९ साली झाले. पुढे हाच आर्थर १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती होता. दिल्लीतील कॉनॉट प्लेसला नाव मिळाले ते याच ड्यूकवरून. पुढे सहावे जॉर्ज म्हणून राजे झालेले आल्बर्ट १९२० साली ड्यूक ऑफ यॉर्क झाले, तेव्हा त्यांच्या लग्नाला अजून तीन वर्षे होती.

लग्नाच्या वेळी पद देण्याची रीत पक्की झाली ती एलिझाबेथ यांच्या पिढीपासून. १९४७ साली त्यांचे पती फिलिप ड्यूक ऑफ एडिंबरा झाले. १९८६ साली मुलगा अँड्र्यू ड्यूक ऑफ यॉर्क, तर १९९९ साली धाकटा एडवर्ड अर्ल ऑफ वेसेक्स झाला. चार्ल्स मात्र १९५८ सालापासूनच प्रिन्स ऑफ वेल्स होते, त्यामुळे १९८१ साली डायना यांच्याशी लग्न करताना त्यांना नवे पद देण्याची गरज पडली नाही.

या रीतीचा एक व्यावहारिक उपयोग नववधूला होतो. प्रिन्स मायकल ऑफ केंट यांचे लग्न १९७८ साली झाले. त्यांना उमरावपद मिळाले नाही, म्हणून त्यांच्या पत्नीची अधिकृत ओळख 'प्रिन्सेस मायकल ऑफ केंट', म्हणजे पतीच्याच नावाने झाली. कॅथरिन यांना मात्र लग्नाच्या दिवशीच 'डचेस ऑफ केंब्रिज' हे स्वतंत्र वाटणारे नाव मिळाले.

मुलींचे काय?

राजकन्या ॲन यांचे लग्न १९७३ साली झाले. त्यांच्या पतीला उमरावपद मिळाले नाही आणि त्यांच्या मुलांनाही कोणती पदवी नाही. राजघराण्यातील उमरावपदाच्या सनदेत वारस म्हणून साधारणपणे पुरुष वंशजच असतो. २०१३ च्या कायद्याने गादीच्या वारसाहक्कात मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला, त्यामुळे विल्यम यांची मुलगी शार्लट आज धाकट्या भावाच्या, लुईच्या, आधी आहे. पण तो कायदा उमरावपदांना लागू नाही. म्हणजे मुलगी देशाची राणी होऊ शकते, पण वडिलांची ड्यूकपदवी तिला मिळत नाही!

पदवी संपते कशी?

फिलिप २०२१ साली वारले आणि त्यांचे एडिंबराचे पद थोरल्या मुलाकडे, चार्ल्सकडे आले. २०२२ साली चार्ल्स राजे झाले, तेव्हा ते पद राजपदात विलीन झाले. मग १० मार्च २०२३ रोजी राजांनी ते नव्याने एडवर्ड यांना दिले, तेही फक्त त्यांच्या हयातीपुरते. विल्यम २०२२ सालीच प्रिन्स ऑफ वेल्स झाले होते.

अँड्र्यू यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याविषयीच्या वादानंतर, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, राजवाड्याने त्यांच्या पदव्या काढून घेण्याची कारवाई जाहीर केली. उमरावपद पूर्णपणे रद्द करायला संसदेचा कायदा लागतो, म्हणून त्यांचे नाव उमरावांच्या अधिकृत नोंदवहीतून काढण्यात आले. जन्माने मिळालेले 'प्रिन्स' हे नावही राजाच्या आज्ञेने गेले. आता ते नुसते अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर आहेत. जन्माने मिळालेला मानही राजाने केलेल्या नियमावरच उभा होता, हे यावरून ध्यानात येते.

स्वाध्याय

१. उमरावांच्या पाच पायऱ्या क्रमाने लिहा.
२. लेखातील सहा ठिकाणे ब्रिटनच्या नकाशात शोधून दाखवा.
३. एडिंबराचे ड्यूकपद फिलिप यांच्याकडून एडवर्ड यांच्यापर्यंत कसे आले, ते चार वाक्यांत सांगा.
४. गादीचा नियम बदलला, पण उमरावपदाचा नाही. हे योग्य वाटते का? घरी चर्चा करा आणि आपले मत दहा ओळींत लिहा.