‘सब में लग जाता है, मॅडम’

‘युनिव्हर्सल है मॅडम, सब में लग जाता है.’ गाडीला जोडायचा तंबू घेताना हे वाक्य कानावर पडलं, की आल्या पावली परत फिरा. सगळ्या गाड्यांना बसेल असं ऑनिंग कुणी बनवतच नाही. बनवणारे पिशवीवर, पत्रकात नाही तर आतल्या शिवणीत, किती उंचीच्या गाडीसाठी ते आहे हे लिहितात. रोज तोच माल विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला कुणी सांगू नये.

पुण्याच्या चुलत भावंडांचे हल्ली सारखे फोन येतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तिकडे जो तो व्हॅन सजवायला निघालाय आणि सगळ्यांना ‘ते गाडीला लावायचं लहानसं’ हवंय. प्रत्येकाला तीच कहाणी सांगून माझं डोकं दर वेळी नव्याने तापतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमची गाडी साधी ईको. मुक्कामाला पोचलं की मागे फळ्यांचा सुटा पलंग मांडायचा, एवढीच आमची कॅम्परव्हॅन. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहून सरकारी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला सुट्टीत एक तर गाव, नाही तर पहाड. मेरठ, बिजनोर, नजीबाबाद, कोटद्वार करत लॅन्सडाउनचा रस्ता आम्हाला पाठ आहे. अडचण होती ती सासूबाईंची. गुडघे गेलेले, गाडीत वाकून साडी बदलता येत नाही. त्यांना उभं राहता येईल, खुर्ची टाकून बसता येईल असा आडोसा हवा होता. आणि दुधाला किंवा औषधाला खालच्या बाजारात जायचं झालं तर सगळा संसार न मोडता गाडी काढता यायला हवी होती. म्हणूनच ड्राइव्ह-अवे. तंबू आपल्या पायांवर उभा राहतो, गाडीशी त्याचं नातं फक्त मधल्या कापडी बोगद्यापुरतं. बोगदा सोडवला की गाडी मोकळी.

आता हा बोगदाच सगळ्याचं मूळ आहे. बुटक्या गाड्यांसाठीचा बोगदा साधारण १८० ते २१० सेंटिमीटर उंचीला जोडायचा असतो, उंच छताच्या गाड्यांसाठीचा २४० ते २७० ला. आमची ईको जमिनीपासून छतापर्यंत १८२ सेंटिमीटर भरते. टेप लावून मोजली आणि दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवली: गाडी ईको, उंची १८२, छतावर रेल नाही, कॅरिअर आहे, यावर बसेल का? त्याचं उत्तर आलं, अंगठा आणि ‘हो जाएगा मॅडम’. दुकानात गेल्यावर म्हटलं, पिशवी उघडून दाखवा. ‘पॅकिंग खराब हो जाएगी, फिर रिटर्न नहीं होगा.’ म्हणजे उघडलं तर परत नाही आणि न उघडता बघणार काय? तरी मी पुन्हा उंची सांगितली. काउंटरवरचा मुलगा मालकाकडे बघत होता आणि मालक मोबाइलमध्ये. मान वर न करता म्हणाला, ‘बोला ना, युनिव्हर्सल है.’

घरी आधी उभारून का पाहिलं नाही, असं आता सगळे विचारतात. आमच्या ब्लॉकसमोर संध्याकाळी गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या असतात. तिथे तीन मीटरचा तंबू ठोकायला जागा कुठली, आणि डांबरात खुंट्या कशा ठोकायच्या? विचारणाऱ्यांनी स्वतः येऊन करून दाखवावं.

लॅन्सडाउनच्या अलीकडे आम्ही थांबलो तेव्हा ढग भरून आले होते. तंबू उभा राहिला, त्याबद्दल तक्रार नाही. बोगदा गाडीवर ओढायला घेतला आणि तो संपेचना. कापड छतावरून पलीकडे जाऊन लोंबायला लागलं, दोन्ही बाजूंच्या चेन जमिनीवर लोळायला लागल्या. ह्यांना वाटलं उलटा लागलाय. फिरवून लावला, तरी तेच. मग पाऊस आला आणि सैल कापडात पाणी साठून तो भाग पखालीसारखा फुगला. मी आत शिरून काठीने पाणी ढकलायला गेले तर टॉर्चच्या उजेडात शिवणीत एक पांढरी कापडी पट्टी दिसली. दोन बोटं रुंद. त्यावर व्हॅनचं छोटं चित्र, चित्राशेजारी खालून वर जाणारा बाण आणि आकडे २४०–२७०.

मी ती पट्टी हातात धरून उभी राहिले. मग गाडीतून रिकामी पिशवी आणली. पिशवीच्या बाजूला त्या दुकानाचं नाव-नंबराचं मोठं काळं स्टिकर होतं. ओलं झाल्याने एक कोपरा सुटला होता. तो ओढला. खाली तेच चित्र, तोच बाण, तेच आकडे. स्टिकर लावायला पिशवीवर हातभर जागा रिकामी होती. ते बरोबर आकड्यांवरच कसं बसलं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. रात्री पाणी दारातून आत आलं, गादीचं एक टोक भिजलं आणि सासूबाई पहाटेपर्यंत पुढच्या सीटवर बसून राहिल्या. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

दिल्लीला परतल्यावर दुकानदाराचा सूर पार बदलला. आधी ‘आपने लगाया ग़लत होगा’. फोटो दाखवले. मग ‘मॅडम, ये तो यूज़्ड हो गया’. मेसेज दाखवला. मग ‘लड़के ने भेजा होगा’. मग माझ्याशी बोलणंच बंद करून ह्यांना म्हणाला, ‘भाईसाहब, आप समझाइए.’ पैसे मी दिले, मोजमाप मी पाठवलं, बिल माझ्या नावावर, आणि समजवायचं कुणी कुणाला? शेवटी निम्म्या किमतीची क्रेडिट नोट पुढे केली. मी घेतली नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बिलाखाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणजे दुकानदार सुटला, असं अजिबात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा आयोगात जा. जिथे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं आणि कमाल किंमत छापलेली असलीच पाहिजे. माझ्या पिशवीवर यातलं काही नव्हतं, होतं ते फक्त स्टिकर. तेव्हा स्टिकर दिसलं की नखाने उचकटून बघा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

मोजमापाचं म्हणाल तर गाडी सामान भरून, सपाट जागी उभी करून मोजा. कॅरिअर असेल तर दोन आकडे घ्या, छतापर्यंतचा आणि कॅरिअरच्या कडेपर्यंतचा, कारण बोगद्याचे पट्टे जिथे बांधणार ती उंची खरी. सरकतं दार कुठल्या बाजूला आहे तेही बघा. इंग्लंडात आपल्यासारखंच डावीकडे असतं, युरोपातल्या इतर बहुतेक देशांत उजवीकडे. ईकोला दोन्हीकडे असल्याने आमचं निभावलं असतं, पण एकच दार असलेल्या गाडीला तंबूचा दरवाजा नेमका रस्त्याच्या बाजूला येऊ शकतो.

जोडणीचे प्रकार दुकानदार भराभर सांगतो, कारण प्रत्येकाचं सामान वेगळं विकायचं असतं. बाहेरच्या देशांत व्हॅनच्या छतालाच खाचेची ॲल्युमिनियम पट्टी, म्हणजे रेल, असते आणि तंबूच्या कडेला शिवलेली सहा मिलिमीटरची गोल दोरी तीत सरकवतात. आपल्या गाड्यांना ती नसते. ‘ड्रिल करके लगा देंगे’ म्हणतील. मुळीच करू देऊ नका. छताला भोक पाडलं की तिथून गंज सुरू होतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल हा वेगळाच जांगडगुत्ता आहे. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली आहे. चुंबकाची पट्टी वाऱ्यात सुटते आणि खाली धूळ अडकली की रंग खरवडते. रबरी चकत्या दिल्लीच्या धुळीत धरतच नाहीत. छतावरून पलीकडे टाकून चाकाला किंवा कॅरिअरला बांधायचे रुंद पट्टे, हाच आपल्याकडचा खरा उपाय. स्वस्तही तोच, म्हणून दुकानात तो सगळ्यात शेवटी सांगतात.

कापड किती पाणी थोपवतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. १,५०० ला जलरोधक म्हणायची पद्धत आहे. पहाडातल्या किंवा कोकणातल्या पावसाला ३,००० च्या खाली जाऊ नका. शिवणींवर आतून टेप लावलेली आहे का ते बोट फिरवून बघा. हवा भरायच्या नळ्यांचे तंबू दिसायला देखणे आणि उभारायला सोपे, पण नळी फाटली तर कोटद्वारच्या पुढे ती कोण दुरुस्त करणार? फायबरची काठी मोडली तर नळाच्या पाइपचा तुकडा चढवून रात्र निघते.

सोबत येणाऱ्या तारेसारख्या खुंट्या तिथेच ठेवून या. खडकाळ जमिनीत पहिल्या घावाला वाकतात. कोटला मुबारकपूरच्या हार्डवेअरवाल्यांकडून आठ मिलिमीटरच्या सळईचे दहा इंची तुकडे, वर आकडा वळवून, कापून घ्या. वाळूत, म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, त्यांचाही उपयोग नाही. तिथे पिशव्यांत वाळू भरून तणावे त्यांना बांधायचे आणि पिशव्या पुरायच्या.

गाडी काढण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांशी दगड ठेवा. नाही तर परत आल्यावर बोगद्याला गाडी लावता लावता अर्धा तास जातो आणि बघे जमतात. गाडी नसताना मोकळा बोगदा तसाच फडफडत सोडू नका, गुंडाळून दोन तणाव्यांनी बांधा. आत खाण्याचं काहीही ठेवू नका, माकडं चेन उघडत बसत नाहीत, कापड फाडतात.

आणि बंद तंबूत शेगडी, अंगीठी, कोळसा काही म्हणजे काही पेटवायचं नाही. थंडीत उत्तरेकडे दर वर्षी झोपेतच माणसं जातात, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला.

बाकी नेहमीचंच. घाई करू नका, चार ठिकाणी भाव करा, बिल पक्कं घ्या, बोलणं तोंडी ठेवू नका. माझ्याकडे तो अंगठा आणि ‘हो जाएगा’ लेखी आहे, म्हणूनच माझ्या तक्रारीत दम आहे.

सध्या आम्ही आझाद मार्केटमधल्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेलं वापरतो. त्याने गाडी दुकानासमोर उभी करायला लावली, स्वतः टेप धरला, बोगदा १८५ ला कापला आणि कच्चे टाके घालून आधी चढवून दाखवला, मगच मशीनवर घेतला. वजनाला जड आहे, रंग मातकट आहे आणि पावसात एक थेंब आत येत नाही. सासूबाई उभं राहून साडी नेसतात. घेणार असाल तर असंच शिवून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आयात केलेलंच हवं असेल तर दुकानदारासमोर शिवणीतली ती पांढरी पट्टी शोधा आणि तिचा फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं ऑनिंग पुरावा म्हणून स्टिकरसकट बांधून ठेवलंय. तक्रार जिल्हा आयोगात दाखल आहे आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत मी ती मागे घेणार नाही.